दवबिंदूची रोपं उगवतात आणि महिन्याभरात जळतात: मराठवाड्यातला नेहमीचा प्रश्न

जूनमध्ये दवबिंदूचं, म्हणजे पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडणाऱ्या इवल्या झाडाचं, बी टाकलं. पंधरा-वीस दिवसांत हिरवे ठिपके दिसू लागले. जुलै संपता संपता एकेक ठिपका तपकिरी झाला आणि ऑगस्टमध्ये डब्यात नुसतं शेवाळ उरलं. पुढच्या वर्षी नवं बी, नवी माती, आणि पुन्हा तेच. मराठवाड्यात कीटकभक्षी वनस्पती बियांपासून वाढवू पाहणारा जो कोणी भेटतो त्याची तक्रार थोड्याफार फरकाने हीच असते. दोष बहुतेक जण उन्हाला देतात. आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो, इथं कसली दलदलीची झाडं येणार, असं म्हणून नाद सोडतात. हे मला अजिबात पटत नाही. जुलैमध्ये मेलेल्या रोपाचा आळ मे महिन्याच्या उन्हावर कसा घालणार? रोपं मारणारी गोष्ट बहुतेक वेळा त्यांच्या ताटलीत आपणच रोज ओतत असतो. ती म्हणजे बोअरचं पाणी.

कोणत्या झाडांबद्दल बोलतोय ते आधी सांगतो, कारण नियम झाडागणिक बदलतात. आपल्या राज्यातले दोन दवबिंदू बियांपासून घरी येण्यासारखे आहेत. पहिला ड्रॉसेरा बर्मानी. जमिनीला चिकटलेलं दोनेक सेंटिमीटरचं पानांचं चक्र, ऊन मिळालं की लाल, बारीक देठावर पांढरी फुलं. त्याच्या पानाच्या कडेचे लांब केस किडा टेकला की काही सेकंदांत आत वळतात. बहुतेक दवबिंदूंना याच कामाला कितीतरी जास्त वेळ लागतो. दुसरा ड्रॉसेरा इंडिका, म्हणजे गवती दवबिंदू. हा उभा वाढतो, पानं दोऱ्यासारखी लांब, फुलं गुलाबी किंवा जांभळट. दोघेही एका हंगामाचे पाहुणे. सह्याद्रीतल्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, जिथं पावसाळाभर पातळ मातीतून पाणी झिरपत असतं, तिथं ते पावसाबरोबर उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि सडा वाळला की संपतात. व्हीनस फ्लायट्रॅप आणि सारासेनिया ही अमेरिकेतली कीटकभक्षी झाडं. त्यांना हिवाळी विश्रांती लागते, त्यांचं सगळं गणित निराळं. त्यांच्यासाठी लिहिलेला सल्ला आपल्या दवबिंदूला लावला की गोंधळ सुरू होतो. तो पुढे येईलच.

रोप कसं मेलं ते आधी बघा

रोपं मेली एवढं सांगून उपयोग नाही. मरणाची तऱ्हा कारण सांगते. साधं भिंग घ्या आणि सकाळच्या उजेडात बघा.

सगळी रोपं एका दुपारीच पांढरी पडून लोळली असतील तर ती उन्हात भाजली. वर प्लॅस्टिक झाकलेला डबा थेट उन्हात राहिला की आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी तापते, आणि दोन तासांत काम तमाम होतं. एका कोपऱ्यातली रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी झाली, आणि तो डाग रोज गोलाकार पसरत गेला, तर ती मर, म्हणजे बुरशी. तिथं झाकण उघडून हवा खेळू द्यायची आणि डाग पडलेला भाग चमच्याने मातीसकट काढून टाकायचा. रोपं हिरवीगार पण लांबुडकी, पानांवर चिकट थेंब नाहीत, लाली नाही, अशी असतील तर उजेड कमी पडतोय.

चौथी तऱ्हा मराठवाड्याची खास. रोप उगवतं, दोन-चार इवली पानं काढतं आणि तिथंच थांबतं. आठवडा, दोन आठवडे काहीच वाढ नाही. मग पानांची टोकं तपकिरी, नंतर काळी. डब्याच्या कडेला किंवा मातीवर पांढुरकी पापडी दिसते. मध्येच हिरवं शेवाळ जोर धरतं. ही तऱ्हा दिसली की बुरशीनाशक शोधत बसू नका. हे क्षार आहेत.

पाणी: मूळ दुखणं इथं आहे

ही झाडं किडे का खातात? त्यांच्या जमिनीत नत्र आणि स्फुरद जवळजवळ नसतंच. सड्यावरची माती पावसाने धुऊन निघालेली, आम्लधर्मी, उपाशी. तिथं जगायला शिकलेल्या मुळांचं मुख्य काम पाणी ओढणं. खारं पाणी सोसायची ताकद त्या मुळांमध्ये आलेलीच नाही, कारण तिची गरजच कधी पडली नाही. अशा मुळांना आपण काळ्या पाषाणातून, चुनखडीतून झिरपून आलेलं पाणी देतो. त्यात कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम असतं, बायकार्बोनेट असतं. शेतशिवारातलं बोअर असेल तर खतांचं नायट्रेटही असतं. माध्यमाचा, म्हणजे रोप ज्यात लावलंय त्या मिश्रणाचा, सामू (पीएच) वर चढतो, लोह मुळांना मिळेनासं होतं, आणि क्षार इतके साठतात की मुळाला पाणी आत ओढणंच जमत नाही. रोप भिजलेल्या मातीत तहानेने मरतं.

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको. ड्रिपरचं तोंड बंद करणारा पांढरा थर, ज्यासाठी लॅटरलमधून, म्हणजे ठिबकच्या नळीतून, आम्ल सोडावं लागतं, तोच थर इथं रोपाच्या मुळाशी बसतो.

आता आकडा बघू. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतात. माणसासाठी हे ठीक आहे. दवबिंदूसाठी मात्र ५० च्या आत हवेत, फार तर १००. म्हणजे जे पाणी आपण बिनधोक पितो ते या झाडाला दसपट खारं असू शकतं. समजा तुमच्या बोअरचा टीडीएस ८०० आहे आणि ताटलीत आठवड्याला एक लिटर पाणी घालता. पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत. दहा आठवड्यांत त्या छोट्याशा डब्यात ८ ग्रॅम क्षार जमा झाले. चहाचा चमचा भरेल एवढे. रोपं बरोबर त्याच सुमारास का मरतात हे कोडं यातून सुटतं. पहिले काही आठवडे सगळं छान दिसतं, कारण क्षार अजून साठत असतात.

म्हणून सगळ्यात आधी टीडीएस मीटर घ्या. पेनाएवढं यंत्र असतं, काही शे रुपयांत मिळतं. कुंडी, माती, बी, यापैकी कशावरही पैसे घालण्याआधी हे घ्या असं माझं ठाम मत आहे. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मोजून बघा. आकडा शून्याच्या आसपास आला की मीटर बरोबर आहे असं समजा. शेतीच्या पाण्याचा तपासणी अहवाल हाताशी असेल तर त्यातली ईसी, म्हणजे विद्युत वाहकता, डेसिसायमन्समध्ये दिलेली असते. तिला ६४० ने गुणलं की टीडीएसचा ढोबळ अंदाज येतो.

मग कोणतं पाणी घालायचं

पावसाचं. याला तोड नाही. पण पावसाचं पाणीही कशावरून आलं त्यावर अवलंबून असतं, आणि इथं बऱ्याच जणांची फसगत होते. उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून गच्चीला चुना मारायची पद्धत आपल्याकडे आहे. त्या गच्चीवरून उतरलेलं पाणी चुना घेऊनच उतरतं. माळवदाच्या घरावर पांढरी माती टाकलेली असते, तिच्यातही चुना भरपूर. सिमेंटच्या हौदात साठवलेलं पाणी महिन्याभरात जड होतं. आठ-दहा वर्षं जुना, धुऊन निघालेला पत्रा असेल तर उत्तम. पहिले एक-दोन पाऊस धूळ, पाखरांची घाण आणि पालापाचोळा घेऊन जाऊ द्यायचे आणि त्यानंतरचं धरायचं. पत्रा नसेल तर चार काठ्यांना प्लॅस्टिकचा कागद बांधून मधोमध दगड ठेवायचा, खाली टिपाड. असं थेट धरलेलं पाणी मोजलं तर आकडा फारच खाली येतो.

किती लागतं? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. १० बाय १० फुटांच्या पत्र्यावर २५ मिलिमीटरचा एक चांगला पाऊस पडला तर दोनशे लिटरच्या वर पाणी उतरतं. एक टिपाड भरलं. ही झाडं साधारण जानेवारीपर्यंत जगतात. पावसाळ्यात टिपाड पुन्हा पुन्हा भरतं, त्यामुळे खरी गरज ऑक्टोबर ते जानेवारीपुरती, आणि त्या दिवसांत दोन छोट्या ट्रेंना दिवसाला लिटरभर पाणी पुरतं. टिपाड प्लॅस्टिकचं, घट्ट झाकणाचं असावं, नाहीतर डासांची पैदास होईल आणि आजार घरात येईल. कीटकनाशकाचं किंवा तणनाशकाचं रिकामं टिपाड मात्र कितीही धुतलं तरी वापरू नये. हीच गोष्ट फवारणीच्या पंपाची. ज्या पंपातून कधी तणनाशक मारलंय तो या रोपांच्या जवळ आणायचा नाही.

पावसाळ्यात खंड पडला आणि टिपाड आटलं तर दुसरी सोय लागते. घरचं आरओचं पाणी बहुतेक वेळा चालतं, पण मोजूनच घ्या. बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते आणि मग आकडा शंभराच्या पुढे जातो. आरओमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी चुकूनही नको. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. विकतच्या जारचा काही भरवसा नाही, प्रत्येक ठिकाणचं वेगळं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी टीडीएसला कमी असतं. एसी साफ केलेला असेल तर अडीअडचणीला चालतं. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर सगळ्यात स्वच्छ, फक्त घेताना ते पाणीच आहे, बॅटरीचं ॲसिड नाही, याची खात्री करा.

पाणी उकळून क्षार जात नाहीत. पाणी वाफ होऊन कमी होतं आणि विरघळलेलं बरंचसं मागे राहतं. कँडलचा फिल्टर, यूव्ही, तुरटी यांनीही टीडीएस उतरत नाही. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम घालतो, तेही या झाडांना घातकच. नळाला धरणाचं पाणी येत असेल, म्हणजे संभाजीनगर-जालन्याला जायकवाडीचं किंवा लातूरला मांजरा धरणाचं, तर ते बोअरपेक्षा सहसा हलकं असतं. तरी दवबिंदूसाठी हलकं म्हणता येत नाही. टँकरचं पाणी कोणत्या विहिरीचं आहे हे टँकरवाल्यालाही रोज ठाऊक नसतं.

एक गोष्ट इथं मनापासून सांगावीशी वाटते. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या भागात हौसेच्या झाडांवर पाणी किती घालवायचं हा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे. आरओ चालवून एका लिटरमागे दोन-तीन लिटर नाल्यात सोडण्यापेक्षा पत्र्यावरचा पाऊस धरणं मला प्रत्येक बाजूने बरं वाटतं. आणि ही देशी झाडं इथं त्यासाठीच योग्य आहेत. ज्या दोन-तीन महिन्यांत आपल्याकडे पाण्यासाठी घागरी रांगेत लागतात त्या काळात त्यांना थेंबभरही पाणी लागत नाही. तेव्हा ती फक्त बीच्या रूपात असतात.

माती, कुंडी आणि वाळू

पाणी सुधारलं तरी रोपं मरत असतील तर क्षार माध्यमातून येतायत.

काळी माती नको, थोडीसुद्धा नको. तिचा सामू आठच्या आसपास असतो आणि पोटात चुनखडीचे खडे. मुरूमही नको. तो आपल्याच काळ्या खडकाचा भुगा आहे, पाण्यात राहिला की कॅल्शियम सोडत राहतो. शेणखत, गांडूळखत, जीवामृत, डीएपी, यातलं चिमूटभरसुद्धा घालायचं नाही. रोपं थांबली की हात खताकडे जातो हे मी समजू शकतो, आपली सगळी शेतीची समज तेच सांगते. पण उपाशी जमिनीतल्या झाडाला खत दिलं की मुळं जळतात आणि शेवाळ माजतं.

कोकोपीट प्रत्येक नर्सरीत मिळतं, आणि बरीच रोपं त्याच्यामुळेच जातात. नारळाचा काथ्या बऱ्याच वेळा खाऱ्या पाण्यात भिजवलेला असतो, त्यामुळे विटेत मीठ राहतं. काही विटांवर कॅल्शियम नायट्रेटची प्रक्रिया केलेली असते. भाजीपाल्याच्या रोपवाटिकेला ती फायद्याची, आपल्याला नाही. कोकोपीट वापरायचंच असेल तर वीट भिजवून फुगवा, जुन्या ओढणीत किंवा धोतराच्या कापडात बांधून पिळा, पुन्हा भिजवा, पुन्हा पिळा. शेवटची दोन-तीन पाणी पावसाची किंवा आरओची घ्या आणि पिळलेलं पाणी मोजत राहा. आकडा शंभराच्या खाली येऊन थांबला की ते माध्यम झालं. स्फॅग्नम पीट किंवा वाळलेलं स्फॅग्नम मॉस (दलदलीत वाढणारी शेवाळासारखी वनस्पती) महाग पडतं, बाहेरून मागवावं लागतं, पण पहिल्या वर्षी जमणार असेल तर मी तेच सुचवेन. एकदा यश हाताला लागलं की मग स्वस्तातले प्रयोग करावेत.

त्यात निम्मी वाळू. पण कोणती? आपल्या नदीच्या वाळूत काळ्या दगडाचे आणि चुन्याचे कण असतात. मूठभर वाळू वाटीत घ्या आणि तिच्यावर फरशी धुवायच्या ॲसिडचे चार थेंब टाका, हात आणि डोळे सांभाळून, उघड्या हवेत. बुडबुडे आले की त्या वाळूत चुना आहे, ती बांधकामाला द्या. पाण्याच्या फिल्टरमध्ये भरतात ती सिलिका वाळू हवी. पांढरट, काचेसारखी. फिल्टर आणि जलतरण तलावाचं सामान विकणाऱ्यांकडे ती मिळते. ती नाही मिळाली तर परलाईट, म्हणजे नर्सरीत मिळणारे खडकाचे हलके पांढरे दाणे, धुऊन घाला.

मातीची कुंडी दिसायला देखणी, पण तिच्या अंगातून पाणी उडतं आणि क्षार कडेला जमतात. सिमेंटची तर विचारूच नका. साधा प्लॅस्टिकचा डबा, श्रीखंडाचा किंवा आइस्क्रीमचा, बुडाला पाच-सहा भोकं पाडून. तो उथळ ट्रेमध्ये ठेवायचा आणि ट्रेमध्ये सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पाणी कायम राहू द्यायचं. पाणी खालूनच द्यायचं, वरून नाही.

बी उगवतच नाही त्यांच्यासाठी

या बाबतीत इंटरनेटवरचा एक सल्ला फार नुकसान करतो. बी ओल्या कागदात गुंडाळून चार-सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवा, असा तो सल्ला. बर्फाळ हिवाळा सोसणाऱ्या झाडांसाठी तो बरोबर आहे. आपल्या दवबिंदूने बर्फ कधी बघितलेला नाही. त्याचं बी पावसाळा संपल्यावर पडतं, तापलेल्या जांभ्याच्या भेगेत उन्हाळाभर कोरडं पडून राहतं आणि जूनच्या पावसाला जागं होतं. त्याला थंडी नको, कोरडा उन्हाळा हवा. आणि कोरडा उन्हाळा आपल्याकडे हवा तेवढा आहे! बी कागदाच्या पुडीत घाला, पुडी डबीत, आणि डबी घरातल्या कोरड्या, सावलीच्या जागी मेअखेरपर्यंत ठेवून द्या. इंडिकाचं ताजं बी लगेच टाकलं तर बऱ्याचदा हट्टाने झोपून राहतं. त्याला हा काळ मिळायलाच हवा. द्राक्षबागवाल्यांकडे जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संप्रेरक, असतं, त्यात बी भिजवून ही झोप मोडता येते असं वाचून काही जण विचारतात. मोडते, पण मात्रा जरा चुकली की रोप लांबुडकं, लुळं निघतं. उन्हाळा फुकट मिळत असताना त्या वाटेला कशाला जायचं?

पेरणी मृगाच्या पावसाबरोबर किंवा आर्द्रात. खरिपाचंच वेळापत्रक. बी खसखशीपेक्षाही बारीक, काळं. पाकिटात मोहरीएवढे दाणे निघाले तर ते दवबिंदूचं बी नव्हे, पैसे परत मागा. कागदाची घडी घालून तिच्यातून बोटाने टिचकी मारत बी माध्यमावर विखरायचं. वरून माती टाकायची नाही, दाबायचं नाही. या बियांना उगवायला उजेड लागतो आणि एक मिलिमीटरचा थरसुद्धा तो अडवतो. वर पारदर्शक झाकण किंवा पिशवी, आणि डबा भरपूर उजेडाच्या पण थेट ऊन न येणाऱ्या जागी. बर्मानी दोन ते चार आठवड्यांत दिसू लागतो. इंडिका तुकड्या-तुकड्याने, कधी दोन-दोन महिने उगवत राहतो, म्हणून डबा लवकर रिकामा करू नका. या काळात पृष्ठभाग एकदा जरी पूर्ण सुकला तरी अंकुर फुटलेलं बी गेलं. आषाढातला वारा आणि पावसाची उघडीप यांचा खरा धोका इथं आहे. जिवापाड जपायचे ते हेच दिवस.

बी मिळवण्यासाठी कासला किंवा कुठल्याही सड्यावर जाऊन झाडं उपटू नका. कास राखीव वन आहे, २०१२ पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, आणि तिथलं झाड उचलणं गुन्हा आहे. शिवाय उपटलेला दवबिंदू आपल्याकडे आठवडाभरही टिकत नाही. ज्यांनी घरी वाढवून बी धरलंय अशांकडून घ्या. एक बर्मानी नीट वाढला तर शेकड्याने बी देतो, त्यामुळे वाढवणारे बहुधा आनंदाने वाटतात.

ऊन आणि हवा

रोपांना चार-पाच खरी पानं आली, त्यांवर थेंब चमकू लागले, की झाकण हळूहळू काढायचं. आधी तासभर, मग अर्धा दिवस, मग कायमचं. त्यानंतर सकाळचं ऊन. पूर्वेकडची गच्ची असेल तर नऊ-दहापर्यंतचं थेट ऊन आणि पुढे हिरव्या जाळीखाली. पानं लाल व्हायला लागली की जागा जमली.

जोराच्या पावसानंतर थेंब धुऊन जातात. त्याने घाबरू नका, दोन दिवसांत परत येतात. पाऊस नसतानाही थेंब येत नसतील तर हवा कोरडी आहे किंवा उजेड कमी. डबा मोठ्या ट्रेमध्ये ठेवून आजूबाजूला ओलं मॉस किंवा दुसरे ओले डबे ठेवले की फरक पडतो. वरून सारखं फवारत बसल्याने थेंब उलट पातळ होतात.

किडे तो स्वतः पकडतो. रोपं अगदी लहान असताना माशांचं सुकं खाद्य बोटाने चुरडून, धुळीएवढं, पंधरा दिवसांतून एकदा काही पानांवर टाकता येतं. वाढ झपाट्याने होते. पण कण मोठा पडला की बुरशी धरते, तेव्हा कमीच बरं. मातीवर बारीक काळी चिलटं उडताना दिसली तर ट्रेमधलं पाणी दोन दिवस कमी करा आणि पिवळं चिकट कार्ड लावा. नीमतेल नको, ताम्रयुक्त बुरशीनाशक नको.

डिसेंबरात मेलं तर ते दुखणं नाही

फुलं येऊन गेली, देठ वाळला, पानं एकेक करून काळी पडू लागली, की लोक पुन्हा घाबरतात आणि पाणी वाढवतात. हे झाड त्याचं आयुष्य जगून संपतंय. बर्मानी आणि इंडिका दोघांचंही हेच. जून-जुलैमध्ये उगवलेलं रोप नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान संपणं अगदी बरोबर आहे. त्याआधीचं काम महत्त्वाचं. फुलाला परागीभवनासाठी कोणाची मदत लागत नाही, ते स्वतःच बी धरतं. देठ तपकिरी झाला आणि बोंडं उकलायच्या बेतात आली की खाली पांढरा कागद धरून देठ कापायचा, दोन दिवस त्याच कागदावर सावलीत वाळवायचा आणि टिचकी मारून बी झाडायचं. पुडीवर नाव आणि वर्ष लिहा. दोन दवबिंदूंचं बी शेजारी ठेवलं तर पुढच्या जूनमध्ये कोणतं कोणाचं ते कळणार नाही.

सगळं बी गोळा होत नाही, बरंच डब्यातच पडतं. म्हणून डबा रिकामा करू नका. फेब्रुवारीत पाणी बंद करून तो तसाच कोरडा, पावसापासून आणि उंदरांपासून सांभाळून ठेवा. जूनमध्ये पावसाचं पाणी ट्रेमध्ये घातलं की त्यातून आपोआप उगवण होते, आणि बऱ्याचदा ही रोपं हाताने पेरलेल्यांपेक्षा दणकट असतात.

सीतेच्या आसवांबद्दल, म्हणजे युट्रिक्युलेरियाबद्दलही विचारणा होते. सड्यावर निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा घालणाऱ्या या झाडांचे सापळे मातीत असतात, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या पिशव्या. पाण्याचे आणि मातीचे वर सांगितलेले सगळे नियम त्यांनाही लागू, फक्त पाण्याची पातळी मातीच्या पृष्ठभागापर्यंत हवी. बियांपासून ती दवबिंदूपेक्षा अवघड. आधी बर्मानी जमवा, मग तिकडे वळा.

जुनं माध्यम पुढच्या हंगामात वापरण्याआधी मे महिन्यात एक तपासणी करा, पण डब्यात पडलेलं बी भिजणार नाही अशा बेताने. चमचाभर माध्यम वेगळं काढून पाचपट डिस्टिल्ड वॉटरमध्ये तासभर ठेवा, गाळा आणि मोजा. आकडा पन्नासच्या आत असेल तर डबा तसाच चालू द्या. त्याच्या बराच वर गेला असेल तर जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात डबा ट्रेमधून काढून जाळीवर ठेवा, वर बी वाहून जाऊ नये म्हणून पातळ मलमल बांधा, आणि पाऊस त्यातून मनसोक्त वाहू द्या. दुसऱ्या दिवशी मलमल काढा, डबा परत ट्रेमध्ये ठेवा आणि झाकण लावा.